गाणं दारूवरचं, खटला आत्महत्येचा!

ऑक्टोबर १९८४. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एका एकोणीस वर्षांच्या मुलानं आपल्या खोलीत आत्महत्या केली. तो सापडला, तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन तसाच होता. त्या रात्री तो ऑझी ऑस्बर्नच्या रेकॉर्ड ऐकत होता. दुःखानं वेडेपिसे झालेल्या आईवडिलांनी गायकाला आणि रेकॉर्ड कंपनीला कोर्टात खेचलं. त्यांचं बोट होतं एका गाण्यावर : 'सुसाईड सोल्यूशन'. नाव ऐकूनच कुठल्याही आईबापाच्या छातीत धस्स व्हावं!

पण या गाण्यात नेमकं आहे तरी काय?

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. ऑझीचा जन्म १९४८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. मग कत्तलखान्यात काम, मोटारीचे हॉर्न तपासायच्या कारखान्यात काम, आणि एकदा तर घरफोडीबद्दल तुरुंगवाससुद्धा. दंड भरायला वडिलांनी साफ नकार दिला होता. पोराला अद्दल घडावी म्हणून! हाच पोरगा पुढं 'ब्लॅक सॅबाथ' या वाद्यवृंदाचा गायक झाला. हेवी मेटल नावाचा कर्कश (निदान आपल्या कानांना तरी!) संगीतप्रकार ज्यांनी रूढ केला, त्यांत या चौघांचं नाव पहिलं. पण दारू आणि अमली पदार्थांपायी १९७९ मध्ये सोबत्यांनीच त्याला बाहेरची वाट दाखवली. लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात पडदे ओढून, बाटल्यांच्या संगतीत त्यानं महिने काढले. या खोलीतून त्याला बाहेर काढलं शॅरननं. पुढं १९८२ मध्ये तीच त्याची पत्नी झाली.

अशा माणसाचा पहिला स्वतंत्र अल्बम म्हणजे 'ब्लिझार्ड ऑफ ऑझ'. सप्टेंबर १९८० मध्ये तो इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. गिटारवर होता अमेरिकेचा कोवळा रँडी ऱ्होड्स, बास गिटारवर बॉब डेझली, ड्रम्सवर ली कर्सलेक. गंमत अशी, की ऑझीच्या या गाण्यांचे शब्द मुख्यतः डेझलीचे आहेत.

वटवाघळाचं डोकं चावणारा गायक म्हणून ज्यांना ऑझी ठाऊक आहे (तो प्रकार १९८२ चा, वटवाघूळ रबराचं वाटलं, असं त्याचं म्हणणं!), त्यांना या अल्बमचे विषय चकित करतील. 'क्रेझी ट्रेन'मध्ये शीतयुद्धाच्या छायेत वाढलेल्या पिढीची भीती आहे. वेड्यासारखं धावणारं जग, आणि उतरायची सोय नाही. 'गुडबाय टू रोमान्स' नावावरून प्रेमभंगाचं वाटतं, पण तो आहे जुन्या सोबत्यांचा जड मनानं घेतलेला निरोप. 'रेव्हलेशन (मदर अर्थ)'मध्ये माणसानं चालवलेल्या पृथ्वीच्या नाशाची चिंता. 'मिस्टर क्राउली' हे अलिस्टर क्राउली या इंग्रज मांत्रिकावरचं. भक्ताचं स्तोत्र म्हणून त्यावर टीका झाली. प्रत्यक्षात त्यात बरेचसे प्रश्नच आहेत. आणि या गदारोळात अवघ्या पाऊण-एक मिनिटाची 'डी' नावाची हळुवार गिटारधून. ती रँडीनं आपल्या आईसाठी, डेलोरिससाठी रचली. ती संगीतशाळा चालवायची. रँडी १९८२ मध्ये विमान अपघातात गेला. वय वर्षं पंचवीस.

आता त्या वादग्रस्त गाण्याकडे. इंग्रजीत 'सोल्यूशन'चे अर्थ दोन. एक उपाय, दुसरा आपण शाळेत रसायनशास्त्रात शिकलो ते द्रावण. गाण्यातला अर्थ दुसरा. ते द्रावण म्हणजे दारू. घोटाघोटानं केलेली आत्महत्या. १९८० च्या फेब्रुवारीत 'एसी/डीसी'चा गायक बॉन स्कॉट अतिमद्यपानानं गेला होता. गाणं त्याच्यावर आहे, असं ऑझी सांगायचा. डेझली मात्र म्हणे, मी ते ऑझीकडे बघूनच लिहिलं!

कोर्टात आईवडिलांच्या बाजूनं सांगण्यात आलं, की गाण्याच्या मधल्या भागात अस्पष्ट शब्दांत चिथावणी दडवली आहे. कोर्टानं दावा फेटाळला. १९८८ मध्ये वरच्या कोर्टानंही तोच निर्णय कायम केला. गाण्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, आणि ऐकणारा असं काही करील, हे गायकाला आधी कळणं शक्य नव्हतं, असा त्याचा आशय. त्याच निकालपत्रात एक साधीशी नोंद आहे. मुलाला मानसिक त्रास होता, आणि दारूचं व्यसनही. म्हणजे गाणं ज्या दुखण्याबद्दल होतं, तेच त्या मुलाचं दुखणं होतं. पण तरुण पोरानं शीर्षक ऐकलं असेल की शब्द, कोण सांगणार? नाव ठेवणाऱ्यांना हा दुहेरी अर्थ गमतीचा वाटला असेल. त्या घरात त्याची किंमत वेगळी होती.

खुद्द ऑझीची दारू पुढं कितीतरी वर्षं सुटली नाही. शब्द ज्याच्याकडे बघून लिहिले, तोच ते रात्रीमागून रात्री गात राहिला.

कोर्टाची पायरी अल्बमच्या नशिबी पुन्हा आली. मानधनाच्या वादात डेझली आणि कर्सलेक कोर्टात गेले, आणि २००२ च्या आवृत्तीत त्यांचं वादन चक्क पुसून दुसऱ्यांकडून वाजवून घेतलं गेलं. रसिक खवळले. २०११ मध्ये मूळ ध्वनिमुद्रण परत आलं.

५ जुलै २०२५ रोजी ऑझीनं निरोपाचा कार्यक्रम केला, तो अ‍ॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर. पार्किन्सननं पाय गेलेले, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून. 'ब्लॅक सॅबाथ'चे जुने सोबतीही शेवटी त्याच्या साथीला आले. त्याआधी स्वतःची म्हणून त्यानं पाच गाणी गायली, त्यातली चार या पहिल्या अल्बममधली. 'सुसाईड सोल्यूशन' त्यात होतंच. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. वय ७६.