सर्पदंश : वेळ दवडू नका

मृगाचा पाऊस पडला की बिळांत पाणी शिरते, साप बाहेर पडतात आणि त्याच दिवसांत आपली शेतातील कामेही सुरू होतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतील होती.

आपल्याकडे जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे.

नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंचा संदेश स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही व शेवटी श्वास थांबतो. नाग चावल्यास आग होते, सूज येते. मण्यार मात्र फसवी. ती रात्री भुईवर झोपलेल्याला चावते. फारसे दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात आणि घरची मंडळी पित्त समजून लिंबू-सोडा देत बसतात. अशा वेळी पापण्या उचलेनाशा झाल्या तर सर्पदंशच समजावा.

घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. जखमेतून व हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होतात. दवाखान्यात थोडे रक्त स्वच्छ काचनळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विष भिनले हे डॉक्टर ओळखतात.

मग मांत्रिकाच्या हातून माणसे बरी कशी होतात? बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ती माणसे एरवीही वाचलीच असती. ज्याच्या अंगात खरोखर विष उतरले, त्याचा मात्र मोलाचा वेळ मंत्रात जातो.

खरा उपाय एकच : सर्पविषावरील इंजेक्शन. घोड्यांना थोडेथोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून ते बनवतात. एकच औषध या चारही सापांवर चालते. म्हणून साप मारून नेण्याची गरज नाही. ते अंगातील विष निकामी करते, पण झालेली हानी भरून काढत नाही. उशीर भोवतो तो इथेच. काहींना या औषधाची रिॲक्शन येते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे.

दंश झाल्यास :
१. रोग्याला धीर द्या व निजवून ठेवा. चालवू नका.
२. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा.
३. हातापायाला फळी लावून तो हलू देऊ नका.
४. दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. पाला, चुना लावू नका.
५. १०८ क्रमांकावर गाडी मागवा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या.

पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. गवताच्या गंजीत किंवा लाकडांच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने चाळवावे. आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे इंजेक्शन मिळते, याची चौकशी आजच करून ठेवावी.