एका श्रावणांतलीं दोन गांवें

वाशीम आणि नंदुरबार हे दोन जिल्हे जुळे भाऊ आहेत, असें आम्हीं म्हटलें तर वाचकांस थोडें नवल वाटेल. एक वऱ्हाडांत, दुसरा खानदेशाच्या पार टोंकास; परंतु १ जुलै १९९८ या एकाच दिवशीं अकोल्यांतून वाशीम वेगळा झाला आणि धुळ्यांतून नंदुरबार. वाशिमास आमच्या ओटीवर एके संध्याकाळीं नकाशा पसरून नातवंडांस ही गंमत सांगत असतां पंधरा वर्षांच्या नातवानें विचारलें, "पण आजोबा, नंदुरबारास विशेष असें काय आहे?" त्यास जें सांगितलें तेंच येथें लिहितों, आणि तें ऐकून त्यानें जो दुसरा प्रश्न केला, त्यासाठीं तर हा लेख.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया तलावाच्या मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसरे दिवशीं पहांटेच गांधीजी व काँग्रेसचे पुढारी कैदेंत पडले. पाठोपाठ ठिकठिकाणचे कार्यकर्ते उचलले गेले. पुढारी नाहींसे केले म्हणजे लोक आपोआप गप्प बसतील, असा परकी सरकारचा हिशेब होता. तो चुकला. मोठीं माणसें तुरुंगांत गेल्यावर झेंडा शाळकरी मुलांच्या हातीं आला.

या घटनेस बरोबर एक महिना झाला त्या दिवशीं, म्हणजे ९ सप्टेंबरास, नंदुरबारांत मुलांची मिरवणूक निघाली. श्रावण संपत आला होता. पोळा एका दिवसावर होता. या व्यापारी गांवांत घरोघरीं गुजराती व मराठी दोन्ही भाषा नांदतात, आणि मिरवणुकींतहि दोन्ही भाषांचीं मुलें होतीं. पुढें होता शिरीषकुमार मेहता. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे सोळावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. पोलिसांनीं मिरवणूक अडविली, लाठ्या चालविल्या, पण मुलें हटलीं नाहींत. बंदुका मिरवणुकींतील मुलींकडे वळल्या तेव्हां शिरीषकुमार आडवा आला व गोळी घालावयाची तर मला घाला म्हणाला, असें सांगतात. गोळ्या सुटल्या. शिरीषकुमार, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शाह असे पांच जण त्या दिवशीं बळी गेले. त्यांच्यापाशीं शस्त्र म्हणून कांहीं नव्हतें; हातांत होता तो झेंडाच.

त्याच श्रावणांत, नागपंचमीच्या दिवशीं, आमच्या बाजूस चिमुरांतहि असेंच घडलें होतें. चिमूर तेव्हां चांदा जिल्ह्यांत आणि वाशिमाप्रमाणेंच मध्यप्रांत व वऱ्हाडांत मोडत असे. तुकडोजी महाराजांच्या भजनांनीं त्या मुलखांत मनें पेटलेलीं होतीं. १६ ऑगस्टच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला व त्यांत सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर पडला. पुढची गोष्ट मुलांपासून लपवूं नये, असें आमचें मत आहे. संतापलेल्या जमावानें सरकारी अंमलदार व पोलीस यांस ठार केलें. मग गोरी फौज आली. तिनें गुन्हेगार व निरपराधी हा भेद ठेविला नाहीं. पुरुष धरून नेले आणि मागें राहिलेल्या बायकांवर अनन्वित अत्याचार झाले. वर्तमानपत्रांचीं तोंडें बांधलेलीं होतीं. सेवाग्रामच्या प्रा. भन्साळी यांनीं न्यायासाठीं ६३ दिवस उपोषण केलें, तेव्हां कोठें चिमूरचें दुःख देशाच्या कानीं मोकळेपणीं पडलें. लहानशा गांवांत परकी सैन्य शिरतें म्हणजे काय होतें, हें कळण्यास दूरचा इतिहास धुंडाळावयास नको.

इतकें ऐकून नातू बराच वेळ बोलला नाहीं. मग त्यानें विचारलें, "आजोबा, मी असतों तर तुम्हीं मला जाऊं दिलें असतें?"

तुळशीपाशीं दिवा लावावयास निघालेली सूनबाई उंबऱ्यांतच थबकली. आम्हांस उत्तर सुचेना. 'हो' म्हणणें सोपें होतें. हुतात्मा दुसऱ्याच्या घरीं झाला म्हणजे त्याचा गौरव करण्यास कांहींच पडत नाहीं. आम्हीं खरें तेंच सांगितलें, "नसतें जाऊं दिलें, बाळ. दाराला कडी घातली असती." तो म्हणाला, "त्यांच्या घरींहि दार असेलच कीं."

असेलच. त्या पांच घरांतहि आई होती, परीक्षा होती, पोळ्याची तयारी होती. आम्हांस त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, ती त्या मुलांच्या धैर्याच्या विचारानें नव्हे. पुढें उभीं राहण्यास मोठीं माणसें किती होतीं, या विचारानें. जीं होतीं तीं तुरुंगांत. पण तुरुंगाबाहेर होतीं तीं? शहाणपण म्हणून कडी घालणारीं आमच्यासारखीं वडील मंडळी त्या वेळींहि थोडीं नसावींत. मुलांचें रक्त सांडतें त्यास गोळी झाडणारा जबाबदार खराच. परंतु अन्याय घराशीं येईपर्यंत गप्प बसलेले वडीलहि थोडे जबाबदार असतात. आतां २००० सालच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारानें अठरा वर्षांखालील मुलांस लढाईंत प्रत्यक्ष भाग घेऊं देऊं नये असें ठरविलें आहे. नियम योग्यच आहे. पण तो पाळण्याचें काम मुलांचें नव्हे, वडिलांचें आहे.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्हीं नातवास आपलें उत्तर दुरुस्त करून सांगितलें: "तुला जाऊं दिलें नसतें, पण कडी लावून आंत बसलोंहि नसतों. मी गेलों असतों." तो हंसला, आणि म्हणाला, "मग मीहि मागून आलोंच असतों." सूनबाईनें यावर कांहीं म्हटलें नाहीं. येत्या ९ सप्टेंबरास सर्वांनीं नंदुरबारास जावयाचें, चौकांतील हुतात्मा स्मारकापाशीं उभें राहून तीं पांच नांवें वाचावयाचीं, असें मात्र तिनेंच ठरविलें आहे.