ऑस्ट्रेलियाच्या भटकंतीसाठी जुनी गाडी

ऑस्ट्रेलियाला वळसा घालणारा ‘हायवे १’ हा महामार्ग सुमारे १४,५०० किलोमीटर लांबीचा आहे. एकट्या सिडनी ते पर्थ या प्रवासातच ३,९०० किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. मोठी शहरे विमानाने आणि काही प्रमाणात रेल्वेने जोडलेली आहेत. पण त्यांच्यामधला विस्तीर्ण मुलूख, म्हणजे किनारे, वाळवंट आणि राष्ट्रीय उद्याने, पाहायचा तर स्वतःचे वाहन लागते. त्यामुळे कित्येक महिन्यांसाठी येणाऱ्या प्रवाशाने जुनी गाडी विकत घ्यायची, जमल्यास तिच्यातच झोपायचे आणि परतताना ती विकून टाकायची, ही पद्धत तिथे चांगलीच रुळलेली आहे.

भारतीयांना हा पर्याय आता पूर्वीपेक्षा जवळचा झाला आहे. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारानुसार १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी वर्षाला एक हजार ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा ठेवले गेले असून त्यांची सोडत २०२४ मध्ये सुरू झाली. या व्हिसावर बारा महिने राहता येते, फिरता येते आणि कामही करता येते. मेलबर्न-सिडनीत स्थिरावलेल्या मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांनाही हाच प्रश्न पडतो: गाडी भाड्याने घ्यावी की विकत?

उत्तर मुक्कामाच्या लांबीवर अवलंबून असते. समजा, ८,००० डॉलरला गाडी घेतली, नोंदणी, विमा आणि दुरुस्तीवर २,५०० डॉलर गेले आणि सहा महिन्यांनी ती ६,००० डॉलरला विकली. पेट्रोल सोडून खर्च झाला ४,५०० डॉलर, म्हणजे दिवसाला २५. भाड्याच्या गाडीला दिवसाला ६० डॉलर धरले, तर तेवढ्याच काळाचे १०,८०० डॉलर होतात. हाच हिशेब एका महिन्यासाठी मांडला तर उलटतो: भाडे १,८०० डॉलर होते, आणि खरेदी-विक्रीतला तोटा, मुद्रांक शुल्क व किरकोळ दुरुस्ती मिळून त्याहून जास्त भरू शकते. त्यात गाडी विकायला लागणारा वेळही धरावा लागतो.

कोणती गाडी?

प्रवाशांच्या बाजारात तीन प्रकार प्रामुख्याने दिसतात. पहिला स्टेशन वॅगनचा. मागची सीट पाडून गादी टाकली की दोघांची झोपायची सोय होते. फोर्ड फाल्कन आणि होल्डन कमोडोर या त्यातल्या जुन्या लोकप्रिय गाड्या. फाल्कनचे उत्पादन ऑक्टोबर २०१६ मध्ये आणि कमोडोरचे ऑस्ट्रेलियातले उत्पादन ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबले, त्यामुळे त्यांचे वय लक्षात घेऊनच किंमत ठरवावी. दुसरा प्रकार टोयोटा हायएससारख्या व्हॅनचा. तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली असते. तिसरा लँड क्रूझर, पॅट्रोल किंवा पजेरो यांसारख्या फोर-व्हील ड्राइव्हचा.

फोर-व्हील ड्राइव्हचा मोह अनेकांना पडतो. पण ती महाग असते आणि इंधनही जास्त खाते. हायवे १ चा मुख्य मार्ग डांबरी आहे आणि साध्या गाडीने पार करता येतो. किंबर्लीतला गिब रिव्हर रोड किंवा केप यॉर्कच्या वाटा करायच्या असतील, तरच हा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो. कोणताही प्रकार निवडला तरी गाडी तिथे सर्रास आढळणारी असावी. आडगावच्या गॅरेजात हायएसचा सुटा भाग मिळेल. दुर्मिळ युरोपीय गाडीच्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागू शकते.

गाडीची तपासणी

दोन-तीन लाख किलोमीटर धावलेल्या गाड्या तिथे सर्रास विकायला येतात. आकड्यापेक्षा देखभाल महत्त्वाची, म्हणून सर्व्हिसिंगची नोंदवही मागून घ्यावी आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते पाहावे. इंजिन थंड असताना गाडी सुरू करायला लावावी. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सुरू होतानाचे दोष लपतात. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. वाळवंटातल्या उन्हात रेडिएटर आणि कूलिंगची पूर्ण कसोटी लागते. समुद्रकाठी वापरलेली गाडी असेल तर खाली वाकून चॅसीचा गंज बघावा. चाचणी फेरी गल्लीत न मारता महामार्गावर, वेगात मारावी.

व्हॅनमध्ये नंतर जास्तीच्या सीट बसवल्या असतील, तर त्या नोंदणीत दाखवल्या आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. शंका राहिली तर शुल्क घेऊन तपासणी करून देणारे स्वतंत्र मेकॅनिक शहरांतून मिळतात. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक मात्र घेऊ नये.

कागदपत्रे: खरी मेख इथे

पहिला कागद पीपीएसआर या सरकारी नोंदवहीतला. २०१२ पासून चालू असलेल्या या नोंदवहीत गाडीचा १७ अक्षर-अंकी चॅसी क्रमांक टाकून दोन डॉलरमध्ये शोध घेता येतो. गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने ती ‘टोटल लॉस’ ठरवली होती का, हे त्यातून कळते. कर्जाची गाडी घेतली तर सावकार संस्था ती नव्या मालकाकडूनही जप्त करू शकते. शोधाचा दाखला पैसे देण्याच्या दिवशी किंवा आदल्या दिवशीच काढावा, कारण त्याने मिळणारे संरक्षण दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपर्यंतच टिकते.

दुसरा कागद नोंदणीचा, तिथल्या बोलीत ‘रेगो’. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि नवखे प्रवासी सर्वाधिक फसतात ते इथेच. व्हिक्टोरियात नोंदणी नव्या नावावर करायला गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचे ‘रोडवर्दी’ प्रमाणपत्र लागते. ते ३० दिवसच चालते. क्वीन्सलँडमध्ये नोंदणीकृत गाडी विक्रीला काढतानाच सुरक्षा प्रमाणपत्र हाती असावे लागते. न्यू साउथ वेल्समध्ये पाच वर्षांहून जुन्या गाडीला वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी तपासणी करून घ्यावी लागते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र चालू नोंदणीच्या खाजगी गाडीला मालकी बदलताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी अशी तपासणी सक्तीची नाही. म्हणून त्या राज्याच्या नंबरप्लेटची गाडी प्रवाशांना सोयीची पडते: देशाच्या दुसऱ्या टोकाला असतानाही नूतनीकरण होते आणि विक्रीही सोपी जाते. तपासणीची सक्ती नसण्याची दुसरी बाजू अशी, की गाडीतले दोष शोधण्याची सगळी जबाबदारी खरेदीदारावर येते.

प्रमाणपत्राविना स्वस्तात मिळणारी गाडी बऱ्याचदा महागात पडते, कारण ते मिळवण्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती मग खरेदीदाराच्या माथी येते. मालकी बदलाची नोंद साधारणपणे १४ दिवसांत करावी लागते. त्यासाठी ओळखपत्र आणि राज्यातला पत्ता लागतो, शिवाय किमतीवर मुद्रांक शुल्क भरावे लागते. न्यू साउथ वेल्समध्ये ते सामान्य किमतीच्या गाडीला शंभर डॉलरमागे तीन डॉलर आहे.

विमा आणि परवाना

ऑस्ट्रेलियात सक्तीचा विमा नोंदणीशी जोडलेला असतो. पण तो फक्त माणसांना झालेल्या इजेपुरता असतो. दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही. एखाद्या महागड्या मोटारीला धक्का लागला तर सहलीचा सगळा खर्च त्यातच जाईल. त्यामुळे निदान मालमत्तेच्या नुकसानीचा थर्ड पार्टी विमा वेगळा काढावाच. एनआरएमए, आरएसीव्ही, आरएसीक्यू यांसारख्या राज्यांच्या मोटार संघटनांचे सदस्यत्व घेतले, तर वाटेत गाडी बंद पडल्यावर मदत मिळते.

वाहतूक भारतासारखीच डावीकडून चालते. भारतातला इंग्रजी परवाना पर्यटकाला वापरता येतो. सोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा; तो एक वर्ष चालतो. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने स्थानिक परवान्याचे नियम आधी पाहून घ्यावेत. पहाटे आणि संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे आडवाटेला अंधारात गाडी चालवणे टाळावे.

विक्रीची तयारी

परतीच्या विमानाला चार दिवस उरले असताना गाडी विकायला काढणारा प्रवासी मिळेल तो भाव घेतो. खरेदीदारालाही त्याची घाई कळत असते. विक्रीसाठी तीन-चार आठवडे हाती ठेवावेत आणि प्रवास जिथे संपतो ते ठिकाण ग्राहक असलेले मोठे शहर असावे. डार्विनसारख्या उत्तरेकडच्या शहरात नोव्हेंबरला पावसाळा सुरू होतो आणि प्रवासी ओसरतात, हेही ध्यानात घ्यावे. नोंदणीचे निदान तीन महिने शिल्लक असले तर गाडीला चांगला भाव येतो. विकल्यावर त्याची सूचना परिवहन खात्याला त्याच दिवशी द्यावी आणि टोलच्या खात्यातून गाडीचा क्रमांक काढून टाकावा. नाहीतर नव्या मालकाचे दंड आणि टोल जुन्याच्या नावावर येत राहतात.

थोडक्यात, मुक्काम तीन महिन्यांहून कमी असेल तर भाड्याचीच गाडी बरी. त्याहून जास्त असेल तर जुनी गाडी फायद्याची ठरू शकते; पण ती कोणत्या राज्याच्या नोंदणीची आहे आणि कुठे विकायची, हे पैसे देण्यापूर्वीच ठरवावे.