अचूकता ९८ टक्के आली म्हणजे मॉडेल शिकलं?

विद्यापीठात मशीन लर्निंगची प्रात्यक्षिक कार्यशाळा जाहीर झाली की नावनोंदणीला गर्दी होते ती कॉम्प्युटर विभागाची. वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल विभागातले लोक मागेच राहतात. कारण काही समजुती पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज : हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम.
नवशिक्यांच्या हाती बहुधा पहिल्यांदा येतो तो आयरिस फुलांचा तक्ता : तीन जाती, १५० फुलं, प्रत्येकाची चार मापं. त्यातली बहुतेक मापं घेतली एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि १९३६ मध्ये ती वापरली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी. थोडं पायथन आणि संख्याशास्त्राची तोंडओळख एवढ्यावर सुरुवात करता येते. न्यूरल नेटवर्क आतून समजून घ्यायचं तर कलनशास्त्र लागतंच, पण ते पहिल्या दिवशी नाही.

गैरसमज : महागड्या जीपीयूशिवाय (ग्राफिक्स कार्डाशिवाय) डीप लर्निंग शिकता येत नाही.
हस्तलिखित आकड्यांच्या ‘एमनिस्ट’ संचात ७०,००० चित्रं आहेत, प्रत्येक फक्त २८ बाय २८ पिक्सेलचं. त्यावर छोटं नेटवर्क साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत शिकवता येतं. जड कामासाठी गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळतो. २०१२ मध्ये इमेजनेट स्पर्धा जिंकणारं अ‍ॅलेक्सनेटही तीन-तीन जीबी मेमरीच्या दोन गेमिंग कार्डांवरच शिकवलं होतं.

गैरसमज : अचूकता जास्त, म्हणजे मॉडेल चांगलं.
कार्यशाळेत सर्वांत जास्त वेळ इथे द्यायला हवा. शंभरांत दोनच रुग्ण आजारी असतील, तर सगळ्यांना निरोगी म्हणणारं मॉडेलसुद्धा ९८ टक्के अचूक ठरतं. पण त्याहून घातक आहे ती डेटाची गळती. तपासणीसाठी राखून ठेवलेल्या डेटाची माहिती शिकवतानाच आत झिरपली, तर निकाल फुगतो. पेपर फुटलेल्या परीक्षेसारखा. एकाच रुग्णाचा एक एक्स-रे शिकवण्याच्या भागात आणि दुसरा तपासणीच्या भागात गेला, किंवा आधी सगळ्या डेटाचं स्केलिंग करून (म्हणजे मापं एका पट्टीत आणून) मग त्याची शिकवण्याच्या आणि तपासणीच्या भागांत विभागणी केली, की गळती झालीच. कोड बिनतक्रार चालतो, म्हणून ती लक्षातही येत नाही.

प्रिन्स्टन विद्यापीठातले सयश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं, की अशा गळतीची नोंद १७ संशोधनक्षेत्रांत झाली आहे आणि तिची झळ २९४ शोधनिबंधांना बसली आहे. यादवी युद्धाचं भाकीत करणारी गुंतागुंतीची मॉडेल्स जुन्या लॉजिस्टिक रिग्रेशनपेक्षा खूपच सरस असल्याचे दावे त्यांनी तपासले. गळती दुरुस्त केल्यावर ते श्रेष्ठत्व उरलं नाही.

गैरसमज : डीप लर्निंग आल्यावर जुन्या पद्धती बाद झाल्या.
चित्र, आवाज, भाषा यांत डीप लर्निंग पुढे आहे, हे खरं. पण पिकांच्या नोंदी, सर्वेक्षणं, प्रयोगशाळेतली मोजमापं असा तक्त्यातला मध्यम आकाराचा डेटा असेल, तर रँडम फॉरेस्ट आणि एक्सजीबूस्ट ही निर्णयवृक्षांवर आधारलेली तंत्रं अजूनही अनेकदा सरस ठरतात. आधी ती चालवून पाहावीत.

आयोजकांनी पहिलं सत्र डेटाच्या विभागणीसाठीच ठेवावं. आणि तुम्ही कोणत्याही विभागातले असा, कार्यशाळेला येताना स्वतःच्या संशोधनाचा डेटा सोबत आणा. त्यातल्या चुका तुमच्याइतक्या लवकर दुसऱ्या कुणालाही दिसणार नाहीत.