लाल शाईतली एक ओळ

माझ्या पुतण्याच्या फाइलवर तो चार वर्षांचा असताना लाल शाईत एक ओळ लिहिली गेली : 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी'. ताप आला, घसा सुजला, अमॉक्सिसिलिनचे पातळ औषध सुरू झाले आणि पाचव्या दिवशी अंगभर गांधी उठल्या. आजीने आमसुलाचे पाणी लावले, औषध थांबवले, गांधी विरल्या. ओळ मात्र राहिली. नवव्या वर्षी त्याला रोजच पित्त उठू लागले आणि ते सात-आठ महिने टिकले, तेव्हा त्या ओळीखाली आणखी तीन औषधांची भर पडली. मी वैद्यक शिकलेलो नाही. ही यादी वाढते कशी, या प्रश्नाने मला वाचायला लावले.

माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे वर्णन एकत्र येते. तिथे ही सूज वरटीच्या, म्हणजे गांधील माशीच्या, दंशासारखी दिसते असे म्हटले आहे. निरीक्षण अचूक आहे. त्वचेतल्या 'मास्ट' पेशी चाळवल्या की हिस्टामिन सोडतात. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, त्वचा फुगते, खाज सुटते. एकेक गांध सहसा चोवीस तासांत विरते, दुसरीकडे नवी उठते. हे सहा आठवड्यांहून अधिक चालले की त्याला दीर्घकालीन म्हणतात.

पण या पेशी चाळवायला औषधच लागते असे नाही. मुलांना साध्या विषाणूजन्य तापातही गांधी उठतात आणि नेमके त्याच तापात औषध दिलेले असते. दीर्घकालीन पित्तात तर बहुतेकदा बाहेरचे कारण सापडतच नाही. काहींत स्वतःची प्रतिकारशक्तीच या पेशींना चाळवते. रोज पित्त उठणाऱ्या मुलाला कोणतेही औषध द्या, दुसऱ्या दिवशी पित्त उठणारच आणि खापर औषधावर फुटणार.

माँट्रियलच्या संशोधकांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमॉक्सिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचा संशय असलेल्या 818 मुलांना देखरेखीखाली तेच औषध पुन्हा दिले होते. सुमारे 94 टक्के मुलांना काहीही झाले नाही.

ओळ राहिली तर बिघडते काय? संधिवाती तापाने ज्यांच्या हृदयाच्या झडपा दुखावतात, त्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. हे औषध देशातच बनावे म्हणून 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. चुकीची ओळ अशा मुलाच्या हातून नेमके तेच औषध काढून घेते.

सगळ्याच ओळी खोट्या नसतात. औषधानंतर लगेच श्वास अडकणे, ओठ-जीभ सुजणे, शुद्ध हरपणे ही खरी धोक्याची खूण आहे. त्वचेला फोड येऊन ती सोलवटली असेल, तर ते औषध पुन्हा देऊन पाहायचे नसते. आणि घरी कोणतीच परीक्षा करायची नसते.

पुतण्या सतराव्या वर्षी रुग्णालयात तपासला गेला. पेनिसिलिनची ओळ खोडली गेली. आयबुप्रोफेनची राहिली, ते त्याचे पित्त खरेच वाढवते. आता यादीत एकच नाव आहे, आणि ते का आहे हे त्याला सांगता येते.