पडदा न पाडता नाटक

मंडळी, १९५२ साली व्हिएन्नाचा रुडॉल्फ कार्टियर लंडनच्या बी. बी. सी. दूरचित्रवाणीत आला, आणि 'तुमची नाटकं जुनाट आहेत' असं वरिष्ठांना तोंडावर म्हणाला! १९५३ त त्यानं नायजेल नीलची अंतराळ-भयकथा सहा भागांत दाखवली. नाटक थेट घरोघर दिसे. मग नटानं सोंग बदलावं केव्हा? कार्टियर मध्येच आधी घेतलेला फिल्मचा तुकडा लावी. गुरुजी, संमेलनात आपण पडदा पाडतो ना, तसंच हे. १२ डिसेंबर १९५४ ला ऑर्वेलचं 'नाइन्टीन एटी-फोर' झालं. भीषण म्हणून पार्लमेंटापर्यंत ओरड गेली. तरी गुरुवारी, १६ तारखेला, नटांनी सगळा खेळ पुन्हा थेट केला. आज चित्रण उरलंय ते या दुसऱ्या खेळाचं.