पोटात पाणी झालं, की विचारायची वेळ झाली



"सिस्टर, पाणी काढलं की बरं वाटतंय त्यांना. आता पुढं कशाला जायचं?"

वॉर्डात काम करताना हे मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलं. नवऱ्याच्या पोटातलं पाणी सुईने काढलं, पोट हलकं झालं, की घरच्यांना वाटतं दुखणं सरलं. पंधरा दिवसांत पोट पुन्हा भरतं. सहा-सहा वेळा पाणी काढलेले पेशंट मी पाहिले. तेवढ्या दिवसांत "लिव्हर बदलावं लागेल का?" हे ना घरच्यांनी विचारलं, ना आम्ही सांगितलं. विचारलं तेव्हा पेशंट हलवण्याच्या स्थितीत उरला नव्हता. ती चूक आमचीही होती, म्हणून हे लिहिते आहे.

सिरॉसिस म्हणजे लिव्हरला वर्षानुवर्षं सूज येऊन ते आतून वणांनी कडक होणं. पंचशील घेतलेल्या आपल्या घरांतही दारू आहे, हे झाकून उपयोग नाही. पण सिरॉसिस झालेला प्रत्येक जण दारुडा असतो, हेही खोटं. हिपॅटायटिस बी आणि सी, तसंच साखर आणि वजनामुळे लिव्हरवर चढणारी चरबी यांनीही तो होतो. आयुष्यात थेंब न घेतलेल्या बायाही वॉर्डात येतात.

कधी सावध व्हायचं?

सिरॉसिस झाला म्हणजे लगेच लिव्हर बदलायचं, असं नाही. औषध, पथ्य आणि तपासणीवर अनेक जण वर्षानुवर्षं नीट जगतात. पण पुढच्यापैकी एक जरी गोष्ट झाली, तरी लिव्हर थकलं असं समजा:

- पोटात पाणी होणं.
- रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास.
- दिवसा झोप, रात्री जागरण, असंबद्ध बडबड, हात फडफडणं. याला 'बाहेरचं' समजून अंगारा लावत बसू नका. लिव्हरने न गाळलेलं विष मेंदूपर्यंत गेलेलं असतं.
- वाढत जाणारी कावीळ. काविळीची माळ आणि गावठी औषध यांत महिने घालवू नका.

रक्ताची उलटी, काळी संडास किंवा बडबड असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठा. पोटात पाणी असताना ताप आला किंवा पोट दुखलं, तरीही तसंच. पाणी सुरू झाल्यावर लिव्हर बदललं नाही, तर पाच वर्षांत निम्म्याहून जास्त पेशंट दगावतात. म्हणून विचारायची वेळ पहिल्या पाण्याची. सहाव्या पाण्याची नव्हे.

डॉक्टर कसं ठरवतात?

रक्तातलं बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम यांवरून एक आकडा काढतात. त्याला 'मेल्ड स्कोअर' म्हणतात. तो 6 ते 40 असतो. आकडा जितका मोठा, तितका धोका जवळ. साधारण 15 किंवा त्याहून जास्त असेल, तर ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा फायदा मोठा ठरतो. आकडा कमी असूनही पाणी वारंवार होत असेल, मेंदूवर परिणाम होत असेल किंवा लिव्हरमध्ये लहान गाठीचा कॅन्सर असेल, तरी बदलण्याचा विचार करतात. उलट कॅन्सर लिव्हरबाहेर पसरला, हृदय फार कमजोर झालं किंवा आटोक्यात न येणारा जंतुसंसर्ग झाला, तर ऑपरेशन करता येत नाही. म्हणजे या गोष्टीची वेळ येते, तशी ती निघूनही जाते.

त्याआधी कारण तोडा. दारू पूर्ण सुटली तर काही महिन्यांत काहींचं लिव्हर इतकं सावरतं, की बदलायची गरजच उरत नाही. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व औषधं 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांत मोफत आहेत. सीचा कोर्स बहुतेकांना 12 आठवड्यांचा असतो.

वेळ कुणासाठी थांबत नाही

लातूरकरांना विलासराव देशमुख आठवत असतील. ते दोनदा मुख्यमंत्री होते. लिव्हर आणि किडन्या निकामी झाल्यावर ऑगस्ट 2012 मध्ये त्यांना मुंबईहून विमानाने चेन्नईला नेलं. दोन्ही अवयव बदलायची तयारी होती. पण ज्यांचे अवयव मिळणार होते, ते व्हेंटिलेटरवरचे दाते आदल्याच दिवशी गेले. 14 ऑगस्टला विलासरावांचं निधन झालं. पैसा, ओळख, विमान सगळं असूनही अवयव हाती येईलच असं नसतं. मग आपल्यासारख्यांनी तर लवकरच निघायला हवं.

अवयव दोन वाटांनी मिळतो. ब्रेनडेड दात्याकडून मिळणाऱ्या अवयवासाठी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयातून नाव नोंदवावं लागतं. मराठवाड्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. दुसरी वाट जवळच्या नातेवाइकाची. रक्तगट जुळला आणि तब्येत चांगली असली, तर त्याच्या लिव्हरचा तुकडा घेतात. उरलेलं लिव्हर काही महिन्यांत वाढून जवळपास पहिल्याएवढं होतं. तरी ऑपरेशन मोठं असतं, दात्याच्या जिवालाही थोडा धोका असतो. आपल्याकडे सगळ्यांची नजर आधी बायकोकडे वळते. तिला एकटीला बसवून विचारा. 1994 च्या कायद्याने दात्याची स्वखुशी लागते. तिने 'नाही' म्हटलं तर तो तिचा हक्क आहे.

खर्च खासगीत वीस लाखांच्या आसपास जातो. त्यावर आयुष्यभराच्या गोळ्या. पण जागा विकायच्या आधी आरोग्यमित्राला आणि रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणती योजना, कोणता निधी लागू होतो ते लेखी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.

नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय असो की लातूरचं, जाताना सगळे रिपोर्ट एका फायलीत न्या आणि चार प्रश्न कागदावर लिहून न्या:

1. मेल्ड स्कोअर किती आहे?
2. सिरॉसिस कशामुळे झाला, ते कारण थांबवता येईल का?
3. लिव्हर बदलायची गरज आता आहे की पुढे? पुन्हा कधी तपासायचं?
4. कुठे पाठवता? चिठ्ठी लिहून द्या.

डॉक्टर घाईत असतील. तरी उत्तर घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.